पिवळ्या पिनेतून एचडी चित्र : एका जोडणीचा प्रकरण अभ्यास

एका कुटुंबाने आपला जुना उपग्रह सेट-टॉप बॉक्स काढून त्याच्या जागी हाय डेफिनिशन, म्हणजे एचडी बॉक्स बसवला. टीव्ही आधीचाच होता. सपाट पडद्याचा, ३२ इंची आणि ‘एचडी रेडी’ हे चिन्ह असलेला. बॉक्स सुरू झाला, वाहिन्यांची यादी आली, त्यात एचडी वाहिन्याही दिसू लागल्या. परंतु काही दिवस पाहिल्यावर घरातील सर्वांचे एकमत झाले की नव्या बॉक्समुळे काहीच बदललेले नाही. एकाच वाहिनीची साधी आणि एचडी आवृत्ती पाठोपाठ लावून पाहिली तरी फरक कळत नव्हता. त्यातच माणसांचे चेहरे रुंद दिसत होते, बातम्यांच्या वाहिनीवर तळाशी धावणाऱ्या पट्टीचे टोक कापले जात होते, आणि अधूनमधून चित्राचे चौकोनी तुकडे होऊन ते गोठत होते. बॉक्स सदोष असल्याचे गृहीत धरून तो बदलून मागण्याची तयारीही झाली होती.

बॉक्स सदोष नव्हता. तक्रारींची कारणे वेगवेगळी होती आणि ती एकमेकांवर अशी चढलेली होती की सर्व बिघाडांचे एकच मूळ शोधू पाहणाऱ्याच्या हाती काही लागले नसते. हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखे वाटते ते यामुळेच. एचडी जोडणीत काही चुकले तर पडदा प्रत्येक वेळी काळा होतोच असे नाही. पुष्कळदा कमी प्रतीचे चित्र विनातक्रार दिसत राहते आणि ते एचडी आहे की नाही हे नुसत्या नजरेने ठरवणे सरावलेल्या माणसालाही अवघड जाते. म्हणून डिशपासून पडद्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर थांबून, तेथे प्रत्यक्षात काय पोहोचते आहे हे पाहावे लागते.

टीव्ही सुसंगत होता का

पहिला प्रश्न टीव्हीचाच होता. ‘एचडी रेडी’ हे चिन्ह युरोपातील इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने जानेवारी २००५ मध्ये जाहीर केले. ते मिळण्यासाठी पडदा रुंद आकाराचा असावा, त्यावर किमान ७२० आडव्या रेषा असाव्यात, टीव्हीने ७२०पी (७२० रेषांची पूर्ण चित्रे) आणि १०८०आय (१०८० रेषा, एकाआड एक अर्धचित्रांत) हे दोन्ही प्रकार ५० तसेच ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा, स्वीकारावेत, आणि त्यासाठी तीन तारांच्या ॲनालॉग कॉम्पोनंट जोडणीबरोबरच एचडीसीपी हे नक्कल रोखणारे संरक्षण असलेली डीव्हीआय किंवा एचडीएमआय ही डिजिटल जोडणी असावी, अशा अटी होत्या. पडद्यावर १९२० × १०८० पिक्सेल असलेच पाहिजेत, अशी अट त्यात नव्हती. या घरातील टीव्हीचा पडदा १३६६ × ७६८ पिक्सेलचा होता. म्हणजे पडद्यावर एकूण १०,४९,०८८ पिक्सेल होते, तर पूर्ण एचडी चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात. टीव्ही एचडी संदेश स्वीकारणार होता, पण त्यातील जवळपास निम्माच तपशील दाखवू शकणार होता. ही गोष्ट कुटुंबाला सुरुवातीलाच सांगितली, कारण पुढे सर्व दुरुस्त झाल्यावरही जे मिळणार नव्हते त्याची आशा त्यांनी धरू नये असे मला वाटत होते.

तरीही त्यांची तक्रार रास्त होती. साध्या प्रक्षेपणातील ७२० × ५७६ पिक्सेलचे चित्र ४,१४,७२० पिक्सेलचे असते. म्हणजे या पडद्यावरही त्याच्या अडीच पट तपशील दिसायला हवा होता. बसण्याचे अंतरही आड येत नव्हते. ३२ इंची रुंद पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर असते. त्यावर ५७६ रेषा पसरल्या तर प्रत्येक रेषेच्या वाट्याला सुमारे ०.७ मिलिमीटर येते आणि ७६८ रेषा पसरल्या तर सुमारे ०.५ मिलिमीटर. सामान्य दृष्टी एका कोनीय मिनिटापर्यंतचा (अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा) तपशील वेगळा ओळखते, आणि दोन मीटर अंतरावर त्याचे माप सुमारे ०.५८ मिलिमीटर होते. हे कुटुंब साधारण तेवढ्याच अंतरावर बसत असे. म्हणजे साध्या चित्रातील रेषा त्यांना जाणवायला हव्या होत्या आणि एचडी चित्रात त्या नाहीशा व्हायला हव्या होत्या. हेच कुटुंब चार मीटरवर बसत असते, तर फरक दिसत नसल्याच्या तक्रारीचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागला असता.

शेवटच्या मीटरभरात हरवलेले एचडी

नव्या बॉक्सच्या मागील बाजूस एचडीएमआयचे एक सॉकेट, हिरव्या-निळ्या-लाल रंगांची कॉम्पोनंट सॉकेटे, पिवळ्या-पांढऱ्या-लाल रंगांची नेहमीची तीन सॉकेटे, आवाजासाठी ऑप्टिकल सॉकेट आणि डिशकडून येणाऱ्या केबलसाठी एफ कनेक्टर, असे सर्व काही होते. जुना बॉक्स पिवळ्या-पांढऱ्या-लाल केबलने जोडलेला होता. बॉक्स बदलताना तीच केबल उचलून नव्याला लावण्यात आली. चित्र आले, आवाज आला, आणि काम झाले असे सर्वांना वाटले.

पिवळ्या पिनेतून जाणारा कॉम्पोझिट संदेश चित्राचा उजेड आणि रंग एकाच तारेतून एकत्र मिसळून नेतो. ५० हर्ट्झच्या देशांत त्यात चित्राच्या ५७६ रेषा मावतात आणि ६० हर्ट्झच्या देशांत ४८०. त्यापेक्षा जास्त रेषा नेण्याची सोय या पद्धतीत मुळातच नाही. त्यामुळे बॉक्स उपग्रहावरून एचडी चित्र घेतो, ते एचडी म्हणूनच उलगडतो आणि टीव्हीकडे पाठवण्याआधी त्याला ५७६ रेषांवर उतरवतो. चार गोल पिनांची एस-व्हिडिओ जोडणी किंवा २१ पिनांची स्कार्ट जोडणी वापरली असती तर रंग अधिक स्वच्छ दिसले असते, पण रेषा तेवढ्याच राहिल्या असत्या. या घरात रंगीत अक्षरांच्या कडेने बारीक ठिपके सरकताना दिसत होते. उजेड आणि रंग यांची सरमिसळ झाल्याचे ते ठळक लक्षण होते. टीव्हीच्या रिमोटवरील माहितीचे बटण दाबल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात फक्त ‘एव्ही’ असे नाव आले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

कुटुंबाची दिशाभूल झाली ती बॉक्सच्या पुढच्या बाजूला लागणाऱ्या ‘एचडी’ दिव्यामुळे. लावलेली वाहिनी एचडी आहे एवढेच तो दिवा सांगत होता; मागच्या कोणत्या सॉकेटमधून काय बाहेर जाते आहे, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. बाहेर काय पडते आहे याचा भरवशाचा साक्षीदार टीव्हीच असतो, कारण आपल्या सॉकेटवर आलेले रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातील रेषा-पिक्सेलची संख्या, तो मोजून दाखवतो. कोणतीही एचडी जोडणी तपासताना मी सर्वांत आधी टीव्हीवरची ही माहिती पाहतो आणि बॉक्सच्या दिव्यांकडे नंतर वळतो.

रुंद चेहऱ्यांचे कारणही याच जोडणीत होते. बॉक्सच्या मेनूत टीव्हीचा आकार ४:३ असा ठेवलेला होता. त्यामुळे १६:९ आकाराचे एचडी चित्र चौकोनी पडद्यात मावावे म्हणून बॉक्स त्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या जोडत होता. दुसरीकडे टीव्हीला आलेले ४:३ चित्र आडवे ताणून पूर्ण पडदा भरण्याची सूचना दिलेली होती. या दोन्हींचा परिणाम म्हणजे प्रत्येक चेहरा मूळ रुंदीपेक्षा एक तृतीयांशाने रुंद. बॉक्स आणि टीव्ही हे दोघेही आपापल्या परीने चित्राचा आकार दुरुस्त करू लागले की असे होते; ते काम दोघांपैकी एकाकडेच असावे लागते.

एचडीएमआय लावल्यावर काळा पडदा

पिवळी केबल काढून एचडीएमआय लावा, एवढे सांगून हे प्रकरण मिटले नसते. तो प्रयत्न कुटुंबाने सुरुवातीलाच केला होता आणि त्यात वाहिन्या काळ्या दिसल्या म्हणूनच ते पिवळ्या केबलकडे परतले होते. तेच चित्र शेजारच्या खोलीतील संगणकाच्या जुन्या मॉनिटरवरही दिसावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी बॉक्समधून निघालेली एचडीएमआय केबल एका लहान स्प्लिटरमध्ये, म्हणजे एकाच संदेशाच्या दोन प्रती करणाऱ्या उपकरणात, नेली होती. तेथून एक केबल टीव्हीकडे आणि दुसरी, डीव्हीआयमध्ये बदलून, मॉनिटरकडे जात होती. या मांडणीत बॉक्सचा मेनू टीव्हीवर स्वच्छ दिसत होता, परंतु मेनू बंद करताच वाहिनीच्या जागी काळा पडदा येत होता.

मेनू दिसतो आणि वाहिनी दिसत नाही, हे लक्षण फार उपयोगाचे आहे. केबल तुटलेली नाही, टीव्हीवर योग्य इनपुट निवडलेले आहे, सॉकेट चालू आहे आणि रिझोल्यूशन टीव्हीला मानवते आहे, हे सर्व त्या एका गोष्टीवरून सिद्ध होते. शंका उरते ती फक्त संरक्षणाची. एचडीएमआयची जोडणी होताना काय घडते, ते येथे पाहणे आवश्यक आहे. या जोडणीच्या १९ पिनांपैकी १८ व्या पिनेतून बॉक्स टीव्हीला ५ व्होल्ट देतो; टीव्ही १९ व्या पिनेतून ‘मी जोडलेला आहे’ असा संकेत परत करतो. मग १५ व्या आणि १६ व्या पिनांवरून बॉक्स टीव्हीची ईडीआयडी ही माहिती वाचतो. ती १२८ बाइटांच्या गटांत साठवलेली असते आणि टीव्ही कोणती रिझोल्यूशने व कोणत्या प्रकारचा आवाज स्वीकारतो हे त्यात नोंदलेले असते. ही माहिती वाचण्यापुरती वीज बॉक्सच पुरवत असल्याने टीव्ही स्टँडबायवर असतानाही ती वाचता येते. त्यानंतर त्याच दोन पिनांवरून एचडीसीपीची पडताळणी होते. एचडीसीपीच्या पहिल्या पिढीत प्रत्येक उपकरणाकडे ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या असतात. दोन्ही बाजूंनी त्यांच्या आधारे काढलेली उत्तरे जुळली तरच बॉक्स संरक्षित चित्र पाठवतो, आणि एकदा जुळल्यावरही साधारण दर दोन सेकंदांनी ती पुन्हा तपासली जातात.

मध्ये स्प्लिटर आला की ही साखळी लांबते. नियमाप्रमाणे चालणाऱ्या स्प्लिटरकडे स्वतःच्या किल्ल्या असतात आणि आपल्या पुढे कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत हे तो बॉक्सला कळवतो. या घरातील मॉनिटर एचडीसीपी येण्यापूर्वीच्या घडणीचा होता. त्याची पडताळणी होऊ शकत नव्हती आणि त्याच्यामुळे संपूर्ण मांडणीची पडताळणी अपुरी राहत होती. टीव्ही पूर्ण पात्र असूनही त्याच्या वाट्याला काळा पडदा येत होता. बॉक्सचा मेनू संरक्षित नसल्यामुळे तो मात्र दिसत होता. काही बॉक्स अशा वेळी पडद्यावर खुलासा देतात, काही नुसते गप्प राहतात. हा दुसऱ्या प्रकारचा होता आणि कुटुंबाचा सर्वाधिक वेळ त्या गप्प राहण्याने खाल्ला. बॉक्स बनवणाऱ्यांनी येथे एक ओळ दाखवली असती तर हे प्रकरण उभेच राहिले नसते, असे मला मनापासून वाटते.

स्प्लिटर काढला. जोडणी बदलण्यापूर्वी बॉक्स आणि टीव्ही या दोघांचेही प्लग भिंतीवरील सॉकेटमधून काढले. ही खबरदारी नाममात्र नाही, कारण डिशकडे जाणाऱ्या केबलवर बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट सोडत असतो आणि चालू बॉक्सला ती केबल लावताना मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर आतील भाग जळू शकतो. मग बॉक्सपासून टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय सॉकेटपर्यंत दीड मीटरची एकच केबल टाकली, टीव्हीवर तेच इनपुट निवडले, आणि वाहिनी दिसू लागली. मॉनिटरला एचडी चित्र देण्याचा विचार तेथेच सोडावा लागला. बॉक्सची पिवळी पिन एचडीएमआय चालू असतानाही काम करत असल्याने दुसऱ्या खोलीत कधी साधा टीव्ही आला तर त्याला साधे चित्र देता येईल, एवढा पर्याय त्यांच्यापुढे राहिला.

टीव्हीला एचडीएमआय नसेल, किंवा डीव्हीआय असूनही एचडीसीपी नसेल, तर कॉम्पोनंट जोडणी उपयोगी पडते. तिच्या तीन तारांतून १०८०आयपर्यंतचे चित्र जाऊ शकते आणि दीड-दोन मीटरच्या चांगल्या केबलवर ते एचडीएमआयच्या पुष्कळ जवळ जाते. त्यात आवाज नसतो, म्हणून पांढरी आणि लाल अशी वेगळी जोडी लावावी लागते. अशा वेळी मागे दोन लाल पिना एकत्र येतात, एक रंगाची आणि एक आवाजाची. त्यांची अदलाबदल झाली की चित्रातील रंग बिघडतात आणि स्पीकरमधून गुणगुण येते. या घरात त्या मार्गाची गरज पडली नाही.

केबलच्या दर्जाविषयी कुटुंबाने विचारले. ‘स्टँडर्ड’ वर्गाची एचडीएमआय केबल ७४.२५ मेगाहर्ट्झला, म्हणजे ७२०पी आणि १०८०आय चित्राला पुरेल अशी तपासलेली असते. ‘हाय स्पीड’ वर्गाची केबल ३४० मेगाहर्ट्झपर्यंत. या बॉक्ससाठी आणि दीड मीटर अंतरासाठी पहिली पुरेशी होती. डिजिटल संदेश पूर्ण पोहोचला की महाग केबल त्या चित्रात कसलीही भर घालू शकत नाही.

१०८०आय की ७२०पी

वाहिनी दिसू लागल्यावर कुटुंब समाधानी झाले होते. काम मात्र अपुरे होते. टीव्हीवरील माहितीच्या पट्टीत ‘५७६पी’ असे दिसत होते. एचडीएमआय केबल लावली म्हणजे एचडी चित्रच येते, असा समज सर्वत्र आढळतो, आणि तो खरा नाही. बॉक्सच्या मेनूत जे रिझोल्यूशन ठरवलेले असेल तेच केबलमधून बाहेर पडते. येथे ते ५७६पीवर ठेवलेले होते. चित्र पिवळ्या पिनेपेक्षा स्वच्छ होते, रंगांच्या कडेचे ठिपके गेले होते, त्यामुळे सुधारणा झाल्याचा भास खराच होता. पण रेषा अजून ५७६च होत्या.

मेनूत ७२०पी, १०८०आय, १०८०पी आणि ‘मूळ’ असे पर्याय होते. १०८०पी या टीव्हीला मान्य नव्हते. तो पर्याय निवडताच टीव्हीने ‘असमर्थित’ असा संदेश दाखवला आणि कोणी होकार न दिल्याने बॉक्स काही क्षणांत आधीच्या स्थितीवर परतला. ‘मूळ’ या पर्यायात वाहिनी ज्या रिझोल्यूशनमध्ये प्रक्षेपित होते त्याच रिझोल्यूशनमध्ये ती टीव्हीकडे जाते. तत्त्वतः मला तो सर्वांत योग्य वाटतो. व्यवहारात मात्र साध्या वाहिनीवरून एचडी वाहिनीवर जाताना प्रत्येक वेळी बॉक्स आणि टीव्ही यांची बोलणी नव्याने होतात आणि तोपर्यंत पडदा काळा राहतो. वाहिन्या भराभर बदलणाऱ्या घराला ते सोसत नाही, आणि हे घर तसेच होते.

राहिले ७२०पी आणि १०८०आय. यांपैकी कोणते ‘वरचे’ हा प्रश्न आकड्यांवरून सुटत नाही. १०८०आयमध्ये ५० हर्ट्झला दर सेकंदास ५० अर्धचित्रे येतात आणि प्रत्येकात एकाआड एक अशा ५४० रेषा असतात. ७२०पीमध्ये दर सेकंदास ५० पूर्ण चित्रे येतात आणि प्रत्येकात ७२० रेषा असतात. दोन्हींसाठी केबलवरचा पिक्सेलचा वेग तोच, ७४.२५ मेगाहर्ट्झ. या घरात पाहिल्या जाणाऱ्या एचडी वाहिन्या १०८०आयमध्ये येत होत्या. त्या ७६८ रेषांच्या पडद्यावर दाखवण्यासाठी कोणीतरी अर्धचित्रे जुळवून पूर्ण चित्र करायचे आणि ते १०८० रेषांवरून ७६८वर उतरवायचे होते. बॉक्स १०८०आयवर ठेवला तर ही दोन्ही कामे टीव्ही करतो. तो ७२०पीवर ठेवला तर अर्धचित्रे बॉक्स जुळवतो, चित्र ७२० रेषांवर उतरवतो, आणि मग टीव्ही ते ७६८वर चढवतो. म्हणजे चित्राचा आकार दोनदा बदलतो आणि मधल्या पायरीवर पडद्याच्या क्षमतेपेक्षा कमी रेषा उरतात. या हिशेबाने १०८०आय बरे ठरते, मात्र टीव्हीतील अर्धचित्रे जुळवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल चांगले असले पाहिजे. ते वाईट असेल तर हलणाऱ्या वस्तूंच्या कडांवर कंगव्यासारखे दात दिसतात, आणि अशा टीव्हीवर मी विनासंकोच ७२०पी ठेवीन.

पारख करण्यासाठी दोन दृश्ये निवडली. बातम्यांच्या वाहिनीवरील धावती अक्षरे कडांवर फाटतात का ते पाहिले, आणि खेळाच्या प्रक्षेपणात कॅमेरा आडवा फिरताना मैदानावरील गवताचा पोत टिकतो का ते पाहिले. या टीव्हीवर १०८०आयमध्ये अक्षरे फाटत नव्हती आणि गवत ७२०पीपेक्षा स्पष्ट दिसत होते. तोच पर्याय कायम केला. टीव्हीवरील माहितीत ‘१०८०आय’ आले, आणि एचडी व साधी वाहिनी यांतील फरक पहिल्यांदाच घरातील प्रत्येकाला न सांगता दिसला.

कापलेल्या कडा

बातम्यांची पट्टी अजूनही तळाशी थोडी कापली जात होती. चित्रनळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वाकड्या पडत आणि विजेच्या दाबानुसार चित्राचा आकारही बदलत असे, म्हणून चित्र थोडे मोठे करून त्याच्या कडा चौकटीबाहेर ढकलण्याची प्रथा पडली. सपाट पडद्याला त्याची गरज नाही, तरी बहुतेक टीव्ही कारखान्यातून तसेच ठेवलेले येतात. टीव्हीच्या चित्र-आकाराच्या यादीत ‘१६:९’ ऐवजी पूर्ण चित्र दाखवणारा पर्याय निवडला. निरनिराळे टीव्ही या पर्यायाला निरनिराळी नावे देतात आणि तो एचडी संदेश आल्यावरच यादीत दिसतो, हे शोधताना ध्यानात ठेवावे लागते. पट्टी पूर्ण दिसू लागली. याचा एक लहानसा दुष्परिणामही झाला: जुन्या ध्वनिचित्रफितींवरून येणाऱ्या काही कार्यक्रमांत वरच्या कडेला तुटक पांढरी रेष चमकते. ती पूर्वीही येतच होती, फक्त चौकटीबाहेर लपलेली होती.

बॉक्समधील टीव्हीचा आकार १६:९ केला, ४:३ कार्यक्रमांना दोन्ही बाजूंना काळे पट्टे देण्याची सूचना बॉक्सलाच दिली आणि टीव्हीचे ताणणे बंद केले. चेहरे सरळ झाले. एचडीएमआय इनपुटसाठी टीव्हीची शार्पनेस पातळीही खाली आणली, कारण वाढवलेली शार्पनेस एचडी चित्राच्या कडांना पांढरी किनार लावते आणि साध्या वाहिन्यांतील आकुंचनाचे (चित्र कमी माहितीत बसवण्याचे) दोष अधिक उठून दाखवते.

ओठ आणि शब्द

जुन्या मांडणीत बॉक्समधील पांढरी-लाल आवाजाची केबल टीव्हीऐवजी एका स्टिरिओ ॲम्प्लिफायरकडे जात होती आणि ती तशीच ठेवली होती. चित्र एचडीएमआयवर आल्यानंतर बोलणाऱ्याचे शब्द ओठांच्या किंचित आधी ऐकू येऊ लागले. टीव्हीला १०८०आयची अर्धचित्रे जुळवण्यासाठी काही चित्रे साठवून ठेवावी लागतात आणि तेवढ्या वेळाने चित्र मागे पडते. थेट ॲम्प्लिफायरकडे गेलेला आवाज मात्र थांबत नाही. आवाज पुढे गेलेला माणसाला लवकर खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी तो जाणवू लागतो, उलट मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. उपाय सोपा होता. आवाजही एचडीएमआयमधूनच टीव्हीकडे जाऊ दिला आणि ॲम्प्लिफायरची केबल टीव्हीच्या आवाजाच्या सॉकेटमध्ये लावली, म्हणजे चित्रासाठी टीव्ही जितका थांबतो तितकाच तो आवाजही थांबवतो. बॉक्समध्ये एचडीएमआयचा आवाज पीसीएमवर, म्हणजे आकुंचित न केलेल्या रूपात, ठेवला, कारण हा टीव्ही डॉल्बी डिजिटल हा आकुंचित आवाज उलगडत नव्हता आणि तसा आवाज पाठवला असता तर त्या वाहिन्या मुक्या झाल्या असत्या.

फुटणारे चित्र

उरली शेवटची तक्रार. चित्राचे चौकोन होऊन ते गोठण्याचे प्रकार अजूनही होत होते आणि घरातील एका सदस्याने नव्या एचडीएमआय केबलला दोष दिला. परंतु एचडीएमआयचा दोष असा दिसत नाही. त्या केबलमधून चित्र उलगडलेल्या रूपात, पिक्सेलमागून पिक्सेल जाते. एखादा बिट चुकला तर एखादाच पिक्सेल बिघडतो आणि पुढच्या चित्रात तो पुन्हा ठीक होतो. म्हणून सदोष केबलवर विखुरलेले चमकणारे ठिपके दिसतात, किंवा संपूर्ण पडदा क्षणभर जातो. उपग्रहावरून येणारे चित्र मात्र आकुंचित असते. त्यातील थोडा भाग हरवला तरी चौकोनी तुकडा बिघडतो, आणि पुढची चित्रे त्याच्याच आधारे रचली जात असल्याने पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत तो बिघाड पडद्यावर रेंगाळतो. चौकोन दिसले की शोध डिशच्या बाजूला न्यावा.

हे प्रकार एचडी वाहिन्यांवर अधिक होत होते, ही कुटुंबाची नोंद अचूक होती. येथे एचडी वाहिन्या डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रक्षेपणाच्या पद्धतीने ८पीएसके मॉड्युलेशनवर (एका संकेतात तीन बिट) येत होत्या, तर जुन्या साध्या वाहिन्या क्यूपीएसकेवर (एका संकेतात दोन बिट). एकाच संकेतात अधिक माहिती भरली की तो ओळखण्यासाठी अधिक स्वच्छ संदेश लागतो. त्यामुळे क्यूपीएसके वाहिनी ज्या संदेशावर बिनतक्रार चालते त्याच संदेशावर ८पीएसके वाहिनी फुटू शकते. जुन्या बॉक्सवर सारे नीट चालत होते, हा युक्तिवाद म्हणून येथे लागू होत नव्हता. बॉक्सच्या मेनूतील सिग्नलच्या पानावर तीव्रता पुरेशी होती, पण गुणवत्ता कमी होती आणि मागची केबल हलवली की ती आणखी ढळत होती. एफ कनेक्टर सैल होता आणि त्याची मधली तार आखूड कापलेली होती. केबलचे टोक नव्याने सोलले, जाळीचा एकही धागा मधल्या तारेला शिवत नाही हे पाहिले, नवा कनेक्टर घट्ट बसवला. गुणवत्तेचा आकडा वर जाऊन स्थिर झाला आणि चौकोन थांबले. डिशला हात लावावा लागला नाही.

बॉक्सवरील रिझोल्यूशन, आकार आणि आवाज या तीन सेटिंग्जची नोंद कुटुंबाने लिहून ठेवली, कारण सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर किंवा बॉक्स मूळ स्थितीवर आणल्यावर त्या बदलू शकतात. पुढे १९२० × १०८० पिक्सेलचा टीव्ही आला तर केबल आणि डिशकडील जोडणी १०८०आयसाठी तशीच चालेल. १०८०पी आणि ‘मूळ’ हे पर्याय तेवढे पुन्हा पारखून पाहावे लागतील.